प्रत्येक आणि सगळे : एक्सआर्ग्ज वापरण्यापूर्वीचे तीन प्रश्न



मागच्या व्याख्यानात आपण पाइप पाहिला. एका कमांडमधून बाहेर पडणारा मजकूर दुसऱ्या कमांडच्या आत कसा सोडायचा, हे तेव्हा सांगितले होते. त्यानंतर तुमच्यापैकी अनेकांनी एकच अडचण कळवली. फाइंड या कमांडने नको असलेल्या फाइलींची यादी मिळते, पण ती यादी पाइपमधून आरएमला, म्हणजे फाइली पुसणाऱ्या कमांडला दिली, तर आरएम एकही फाइल पुसत नाही. उलट 'काय पुसायचे ते सांगितलेच नाही' अशी तक्रार करते. यादी तर समोर आहे, मग तक्रार कसली?

या अडचणीवरचा उपाय म्हणजे एक्सआर्ग्ज. अक्षरे लिहून घ्या: एक्स, ए, आर, जी, एस. आज आपण तीच शिकणार आहोत. एक सूचना आधीच देतो. आम्ही कमांडची नावे आणि पर्याय उच्चारून सांगू, आणि लेखी प्रतीतही ते तसेच येतील. संगणकावर मात्र ते रोमन अक्षरांत आणि रोमन अंकांतच टंकायचे.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवले. टर्मिनलच्या काळ्या पडद्याशी आमची गाठ निवृत्तीनंतर पडली, तीही गरजेपोटी. तेव्हा एक्सआर्ग्जचे सगळे पर्याय तुमच्याकडून पाठ करून घेणे हा आजचा हेतू नाही. मॅन एक्सआर्ग्ज असे टंकले की ते सगळे समोर येतात. आम्हाला सांगायचे आहे ते एवढेच, की कुठल्याही यादीवर कमांड चालवण्यापूर्वी तीन प्रश्न स्वतःला विचारावे लागतात. यादीतली 'एक' वस्तू कुठे सुरू होते आणि कुठे संपते? कमांड प्रत्येकाला लागू आहे की सगळ्यांना मिळून? आणि यादी रिकामी निघाली तर काय? यातला दुसरा प्रश्न आम्ही विचारला नाही आणि त्याची किंमत मोजली. ती हकीकत पुढे येईलच.

वाहता मजकूर आणि घेतलेले नाव

आधी आरएमची तक्रार समजून घेऊ. कमांडला माहिती दोन वाटांनी मिळते. एक वाट म्हणजे पाइपमधून वाहत येणारा मजकूर. दुसरी वाट म्हणजे कमांडच्या नावापुढे आपण जे लिहितो ते, म्हणजे आर्ग्युमेंट्स. सॉर्टसारखी कमांड वाहता मजकूर वाचते आणि त्यावर काम करते. आरएम तो वाचतच नाही. तिला आर्ग्युमेंट लागते. कोणाला पुसायचे त्याचे नाव घेऊनच सांगावे लागते.

व्याकरणाच्या भाषेत बोलायचे तर आरएम हे सकर्मक क्रियापद आहे आणि आपण त्याला कर्म दिलेलेच नाही. कर्मांची यादी शेजारी ठेवली, पण वाक्यात घातली नाही. एक्सआर्ग्ज हेच काम करते. पाइपमधून आलेला मजकूर वाचते, त्याचे तुकडे पाडते आणि ते तुकडे दिलेल्या कमांडच्या शेवटी आर्ग्युमेंट्स म्हणून जोडून ती कमांड चालवते. बस, एवढेच. लग्नघरात आमंत्रणांची यादी एखाद्या पुतण्याच्या हातात द्यावी आणि 'या सगळ्यांकडे जाऊन अक्षत दे' म्हणावे, तसे. क्रिया एक, नावे पुष्कळ.

ही सोय कुठून आली? पाइपची कल्पना डग मॅकिलरॉय यांनी बेल लॅब्जमध्ये १९६४ साली एका टिपणात मांडली होती. युनिक्समध्ये ती प्रत्यक्ष आली १९७३ साली. एक्सआर्ग्ज त्यानंतर, बेल लॅब्जच्याच 'प्रोग्रामर्स वर्कबेंच' या युनिक्सच्या आवृत्तीत आली. ही आवृत्ती १९७७ ची. एक्सआर्ग्ज ज्या अडचणीवर उपाय ठरते ती आजही आपल्याला भेटते: एका कमांडपुढे किती आर्ग्युमेंट्स लिहावीत याला मर्यादा आहे. हजारो फाइली एकदम दिल्या तर 'आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग' असे उत्तर येते आणि काम होत नाही. एक्सआर्ग्ज अशी लांब यादी मर्यादेत बसतील एवढ्या तुकड्यांत तोडते आणि तीच कमांड पुन्हा पुन्हा चालवते. हे तुकड्यांचे प्रकरण लक्षात ठेवा, बरं का. आमचे नुकसान तिथेच झाले.

पहिला प्रश्न : 'एक' म्हणजे काय?

आता त्या पुतण्याच्या हातातली यादी बघू. यादीत स्वल्पविराम नाहीत, ओळी पाडलेल्या नाहीत. लिहिले आहे: केशव माधव गोविंद. ही तीन माणसे आहेत, की केशव हे नाव, माधव हे वडिलांचे नाव आणि गोविंद हे आडनाव असलेला एकच गृहस्थ? शब्दांकडे कितीही वेळ टक लावून पाहिले तरी उत्तर मिळणार नाही. सीमा कुठे आहे हे यादी लिहिणाऱ्याने आणि वाचणाऱ्याने आधी ठरवून घ्यावे लागते.

एक्सआर्ग्जने आपल्या बाजूने ठरवून ठेवले आहे. तिला काही वेगळे सांगितले नाही, तर स्पेस, टॅब आणि नवी ओळ या तिन्ही ठिकाणी ती वस्तू तोडते. शिवाय अवतरणचिन्हांना आणि उलट्या तिरक्या रेघेला ती विशेष अर्थ देते. नावात एकच सुटे अवतरणचिन्ह असेल तर 'जोडीदार सापडत नाही' म्हणून ती अडून बसते.

फाइंड मात्र प्रत्येक नाव एका ओळीवर छापते, मग त्यात स्पेस असो वा नसो. म्हणजे लिहिणाऱ्याची सीमा एक आणि वाचणाऱ्याची दुसरी. याचा परिणाम काय होतो? समजा एका फोल्डरमध्ये दोन फाइली आहेत. एकीचे नाव 'जुनी पत्रे', दुसरीचे नाव नुसते 'पत्रे'. तुम्ही फाइंडला सांगितले की 'जुनी'ने सुरू होणारी नावे शोध, आणि उत्तर एक्सआर्ग्जमार्फत आरएमकडे दिले. एक्सआर्ग्जने 'जुनी पत्रे' हे नाव मध्येच तोडले. आरएमला दोन नावे मिळाली: 'जुनी' आणि 'पत्रे'. 'जुनी' नावाची फाइलच नाही, म्हणून आरएमने तसा एक निरोप छापला. 'पत्रे' नावाची फाइल होती. ती पुसली गेली, काही न बोलता. आरएम यशस्वी झाली की गप्प बसते. जिला पुसायचे होते ती फाइल जागेवर आहे, जिचा काही संबंध नव्हता ती गेली, आणि पडद्यावरचा निरोप वाचून आपल्याला वाटते की काहीच पुसले गेले नाही.

मग सीमा म्हणून कोणते चिन्ह घ्यावे? इथे विचार करायची पद्धत फार सोपी आहे. जे चिन्ह वस्तूच्या आत येऊ शकते, ते वस्तूंची सीमा दाखवू शकत नाही. स्पेस नावात येऊ शकते, म्हणून ती बाद. नवी ओळ? युनिक्सच्या परंपरेत फाइलच्या नावात नवी ओळसुद्धा चालते. कोणी मुद्दाम देत नाही, पण कुठून तरी नक्कल करून चिकटवलेल्या नावात ती येऊन बसते. म्हणून तीही बाद. नावात चालत नाहीत अशा फक्त दोन गोष्टी आहेत: एक तिरकी रेघ आणि दुसरा शून्य किमतीचा बाइट, ज्याला नल म्हणतात. तिरकी रेघ फोल्डरचे नाव आणि फाइलचे नाव जोडायला वापरतात, त्यामुळे पूर्ण पत्त्यात ती असतेच. उरला नल. पत्त्यात तो कुठेच येऊ शकत नाही, म्हणून सीमा दाखवायला तोच एक निर्धोक.

त्यासाठी फाइंडला शेवटी 'वजा प्रिंट शून्य' सांगायचे आणि एक्सआर्ग्जला 'वजा शून्य'. पूर्ण कमांड ऐका:

फाइंड, टिंब, वजा नेम, अवतरणात 'जुनी' आणि तारा, वजा प्रिंट शून्य, पाइप, एक्सआर्ग्ज, वजा शून्य, आरएम.

आता लिहिणारा आणि वाचणारा यांची सीमा एकच झाली. हे दोन्ही पर्याय अनेक प्रणालींवर पुष्कळ वर्षांपासून मिळत होते, पण पॉझिक्स या मान्य प्रमाणात त्यांचा समावेश झाला तो २०२४ च्या आवृत्तीत. मूळ कमांडनंतर जवळजवळ ४७ वर्षांनी. 'एक म्हणजे काय' या प्रश्नाचे उत्तर सर्वांनी मिळून मान्य करायला एवढा काळ गेला, हे तत्त्वज्ञानाच्या माणसाला काही फार नवल वाटायला लावत नाही!

हात राखून काम करायचे असेल तर आरएम लिहिण्याआधी त्या जागी 'वजा एन एक, एको' लिहून पाहा. वजा एन एक म्हणजे एका वेळी एकच वस्तू घे. एको फक्त छापते, करत काही नाही. प्रत्येक वस्तू स्वतंत्र ओळीवर आलेली दिसेल आणि सीमा डोळ्यांनी तपासता येतील. नुसते एको लिहू नका. एको सगळी आर्ग्युमेंट्स स्पेस घालून एका ओळीत छापते, आणि मग 'जुनी पत्रे' ही एक वस्तू आहे की दोन, हे दिसतच नाही.

दुसरा प्रश्न : प्रत्येक की सगळे मिळून?

दोन वाक्ये घ्या. 'मुले शिंकली.' 'मुलांनी फेर धरला.' पहिल्या वाक्यातून 'प्रत्येक मूल शिंकले' असा अर्थ निघतो. दुसऱ्यातून 'प्रत्येक मुलाने फेर धरला' असा अर्थ काढता येत नाही. एकट्याने फेर धरता येत नाही. शिंकणे ही क्रिया एकेकाला वाटून देता येते, फेर धरणे वाटता येत नाही. व्याकरणात दोन्ही वाक्यांचे कर्ते अनेकवचनीच आहेत, फरक क्रियेच्या स्वभावात आहे.

हा प्रश्न आपल्या परंपरेला नवा नाही. मीमांसकांनी यावर बारकाईने विचार केला आहे. सोमयागात पात्र पुसावे असे विधान येते, आणि तिथे 'पात्र' हा शब्द एकवचनी आहे. पात्रे तर अनेक असतात. मग एकच पुसायचे की सगळी? मीमांसकांचा निर्णय असा की इथले एकवचन विवक्षित नाही, सगळीच पात्रे पुसायची. याला ग्रहैकत्वन्याय म्हणतात. ग्रह म्हणजे ते पात्र. याउलट यज्ञातल्या पशूविषयीच्या विधानात मात्र एकवचन विवक्षित आहे असे त्यांनी ठरवले, म्हणजे पशू एकच. शब्दाचे वचन सारखे, पण विधानात त्या वस्तूचे स्थान वेगळे, म्हणून निर्णय वेगळा. आज्ञा पाळणाऱ्याने आधी हे ठरवायला हवे, की संख्या आज्ञेचा भाग आहे की नाही.

आरएम ही पात्र पुसण्यासारखी आहे. तीन हजार फाइली एकदम पुसा, शंभर-शंभरच्या गटांत पुसा किंवा एकेक पुसा, शेवटी परिस्थिती तीच. एक्सआर्ग्जने यादी कुठे तोडली याने काही बिघडत नाही. पण सगळ्या कमांड अशा नसतात.

आता आमची हकीकत. आमच्या सरांच्या टिपणवह्या होत्या, ३४ वह्या, प्रत्येक शंभर पानी. सर गेल्यानंतर त्यांच्या घरच्यांनी त्या विश्वासाने आमच्याकडे दिल्या. आम्ही महिनाभर बसून सगळी पाने स्कॅन केली, ३,४०० फाइली झाल्या, आणि वह्या परत केल्या. फाइलींना मराठीत नावे दिली: टिपणवह्या या फोल्डरमध्ये वही-०७, त्यात पान-०४२, अशी. नावांत स्पेस येऊ द्यायची नाही हे आम्ही शिकलो होतो, आणि वजा शून्यही शिकलो होतो, त्याचा थोडा अभिमानही होता. लॅपटॉप भरत आला होता, म्हणून सगळ्या फाइलींचे एक गाठोडे बांधून बाहेरच्या डिस्कवर ठेवायचे ठरवले. गाठोडे बांधणारी कमांड म्हणजे टार. आधी एका वहीवर करून पाहिले, शंभर पाने नीट गाठोड्यात गेली. मग तेच सगळ्या वह्यांवर केले: फाइंडने यादी, पाइप, एक्सआर्ग्ज वजा शून्य, आणि टारला 'वजा सीएफ', म्हणजे या नावाचे नवे गाठोडे तयार कर. कमांड मुकाट्याने संपली. गाठोडे उघडून दोनचार पाने पाहिली, सुरेख दिसत होती. मूळ फाइली पुसल्या.

पाच महिन्यांनी एक वही हवी होती. गाठोड्यात ती नव्हती. मोजून पाहिले तर १८ वह्या पूर्ण गायब आणि एका वहीची चाळीसेक पाने नाहीत.

काय झाले होते ते समजायला आम्हाला दोन दिवस लागले, तुम्हाला आता दोन मिनिटांत समजेल. लिनक्सवरची एक्सआर्ग्ज साधारणपणे एका वेळी १,३१,०७२ बाइट एवढीच आर्ग्युमेंट्स जोडते. आमच्या एका फाइलचे नाव फोल्डरसकट ७० बाइटचे होते, त्यात शेवटचा नल धरून ७१. भागाकार करून पाहा, सुमारे १,८४० नावे बसतात. म्हणजे ३,४०० नावांचे दोन गट पडले आणि टार दोनदा चालली. पहिल्यांदा तिने गाठोडे बांधले, सुमारे १,८४० पानांचे. दुसऱ्यांदा तिला पुन्हा तीच आज्ञा मिळाली: या नावाचे नवे गाठोडे तयार कर. तिने केले. पहिले गाठोडे त्याच नावाचे होते, ते पुसून त्या जागी उरलेल्या पानांचे ठेवले. दोन्ही वेळा टारने आपले काम चोख केले आणि दोन्ही वेळा 'यशस्वी' असे कळवले. एक्सआर्ग्जनेही 'यशस्वी' म्हणून कळवले. खोटे कोणीच बोलले नाही.

यात आणखी एक गोष्ट आहे. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, साधे रोमन अक्षर एकच. काना, मात्रा, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हे धरली जातात. 'ज्ञानेश्वरी' या शब्दात अशी ११ चिन्हे आहेत, म्हणजे ३३ बाइट. आम्ही तीच नावे रोमनमध्ये दिली असती तर एकेक पत्ता नल धरून ३४ बाइटचा झाला असता, एका गटात ३,८०० हून अधिक नावे बसली असती आणि सगळे काम एकाच फेरीत बिनचूक झाले असते. याचा अर्थ मराठी नावे देऊ नयेत असा घेऊ नका. आम्ही अजून मराठीतच देतो. अर्थ असा, की चुकीची कमांड बिनचूक निकाल देऊ शकते, यादी लहान आहे तोपर्यंत. आमची शंभर पानांची चाचणी म्हणूनच काही सांगू शकली नाही. आम्ही कमांडची चाचणी घेतली नव्हती, लहान यादीची घेतली होती.

सरांच्या घरी गेलो. त्या अठरांपैकी ११ वह्या मिळाल्या, त्या पुन्हा स्कॅन केल्या. बाकीच्या सात घर बदलताना रद्दीत गेल्या होत्या, 'आता सरांचं सगळं तुमच्या संगणकावर आहे ना' या भरवशावर. हे वाक्य ऐकताना काय वाटले ते सांगत बसत नाही.

तेव्हा दुसऱ्या प्रश्नाची कसोटी अशी लिहून घ्या: हीच कमांड एकेक वस्तूला दिली, गटागटाने दिली आणि सगळ्यांना एकदम दिली, तर तिन्ही वेळा निकाल तोच येतो का? येत असेल तर एक्सआर्ग्ज खुशाल वापरा. येत नसेल तर ती क्रिया 'फेर धरणारी' आहे. ओळी मोजणारी डब्ल्यूसी घ्या. अनेक फाइली दिल्या की ती शेवटी एकूण बेरीज छापते. एक्सआर्ग्जने गट पाडले तर प्रत्येक गटाची वेगळी बेरीज येते, आणि घाईत शेवटची ओळ पाहणारा तीच सगळ्याची बेरीज समजतो. टारच्या बाबतीत योग्य मार्ग असा की एक्सआर्ग्जला मध्ये घालायचेच नाही. ग्नू टारला यादी थेट पाइपमधून वाचता येते: 'वजा वजा नल', मग 'वजा टी', मग एक नुसती वजाची रेघ. यातली टी मोठ्या लिपीतली. आणि मूळ फाइली पुसण्याआधी मोजायचे. यादीत किती होत्या, गाठोड्यात किती आहेत. दोनचार पाने उघडून पाहिल्याने जे आहे ते दिसते. जे नाही ते दिसायला मोजावे लागते.

याच प्रश्नाशी जोडलेले दोन पर्याय सांगतो. नाव शेवटी न येता मध्ये यायला हवे असेल, उदाहरणार्थ 'या फाइलीला त्या फोल्डरमध्ये हलव', तर मोठ्या लिपीतला 'वजा आय' वापरून त्यापुढे एक खूण द्यायची, बहुधा महिरपी कंसांची रिकामी जोडी. ती खूण जिथे लिहाल तिथे नाव बसते. मात्र मग कमांड प्रत्येक वस्तूसाठी स्वतंत्र चालते. दुसरा पर्याय मोठ्या लिपीतला 'वजा पी'. त्यापुढे चार लिहिले तर एका वेळी चार कमांड शेजारी शेजारी चालतात. शेकडो छायाचित्रे लहान करायची असतील तर वेळ पुष्कळ वाचतो, पण त्याच्याबरोबर 'वजा एन'ने गटाचा आकारही द्या, नाहीतर सगळी यादी एकाच गटात बसून एकच कमांड चालायची. आणि कोणते काम आधी संपेल याचा नेम नसतो, छापलेले निरोपही एकमेकांत मिसळतात. एका वस्तूचे काम दुसरीवर अवलंबून असेल तर वजा पीच्या वाटेला जाऊ नये.

तिसरा प्रश्न : कोणीच नसेल तर?

फाइंडला काहीच सापडले नाही तर पाइपमधून काहीच येत नाही. आपल्याला वाटते, मग एक्सआर्ग्ज काहीच करणार नाही. पण लिनक्सवर सर्रास असणारी ग्नू एक्सआर्ग्ज यादी रिकामी असली तरी कमांड एकदा चालवते, आर्ग्युमेंटशिवाय. आरएमच्या बाबतीत हे निरुपद्रवी आहे, ती तक्रार करून थांबते. पण एलएस, म्हणजे यादी दाखवणारी कमांड घ्या. तिला आर्ग्युमेंट नसेल तर ती आहे त्या फोल्डरमधले सगळे दाखवते. तुम्ही विचारले, 'वर्षभरात न उघडलेल्या फाइली दाखव.' खरे उत्तर होते, एकही नाही. पडद्यावर दिसले, सगळ्याच!

तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्यांना इथे जुना वाद आठवेल. 'सर्व अ हे ब आहेत' असे म्हटले आणि अ एकही नसेल तर ते विधान खरे की खोटे? अ‍ॅरिस्टॉटलच्या परंपरेतले तर्कशास्त्र अ अस्तित्वात आहेत असे धरून चालते. आधुनिक तर्कशास्त्र तसे धरत नाही, आणि अशा विधानाला खरे मानते. ग्नूच्या एक्सआर्ग्जने रिकाम्या यादीलाही एक फेरी दिली. फ्रीबीएसडीच्या एक्सआर्ग्जने ठरवले की यादी रिकामी तर कमांड चालवायची नाही. आपण ग्नू वापरत असाल तर लहान लिपीतला 'वजा आर' लिहा, म्हणजे रिकाम्या यादीवर कमांड चालणार नाही. आम्ही तो सवयीनेच लिहितो.

काही प्रश्न

प्रश्न : फाइंडमध्येच 'वजा एक्झेक' हा पर्याय आहे. मग एक्सआर्ग्ज हवीच कशाला?

उत्तर : बरोबर आहे. यादी फाइंडचीच असेल तर वजा एक्झेक पुरते, आणि सीमेचा प्रश्नही उरत नाही, कारण नाव मजकूर होऊन पाइपमधून जातच नाही. शेवटी अधिकचे चिन्ह दिले तर तीही गट पाडते, अर्धविराम दिला तर एकेक चालवते. म्हणजे दुसरा प्रश्न तिथेही विचारावाच लागतो. टार अधिकच्या चिन्हाने चालवली असती तर आमचे नुकसान तसेच होऊ शकले असते. यादी दुसरीकडून येत असेल, एखाद्या फाइलीत लिहून ठेवलेली असेल, तर एक्सआर्ग्ज हवी.

प्रश्न : काही वस्तूंवर कमांड फसली तर कसे कळणार?

उत्तर : एक्सआर्ग्ज शेवटी एक आकडा परत देते. सगळे ठीक असेल तर शून्य. एखादी फेरी १ ते १२५ यांपैकी कोणताही आकडा देऊन फसली तर एक्सआर्ग्ज १२३ देते, पण यादी पुढे चालू ठेवते. फेरीने २५५ दिला तर मात्र तिथेच थांबते आणि १२४ देते. कमांड सापडलीच नाही तर १२७. पण आमची गोष्ट विसरू नका. आम्हाला शून्य मिळाला होता.

प्रश्न : सर, इतकी भीती असेल तर हाताने एकेक फाइल केलेली काय वाईट?

उत्तर : ३,४०० वेळा हाताने कराल तर कंटाळ्यातून चुका होतील, आणि त्या कुठे झाल्या ते सापडणारही नाही. आमची चूक एकच होती. ती सापडली, समजली आणि तुम्हाला सांगताही आली. एक्सआर्ग्ज सोडू नका. आधी वजा एन एक आणि एको लावून यादी नजरेखालून घाला, तिन्ही प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहा, आणि मूळ प्रत पुसण्यापूर्वी मोजा.

पुढच्या व्याख्यानात आपण सेड पाहू, म्हणजे मजकुरात बदल कसे करायचे ते. घरी करायला एक काम देतो. एका रिकाम्या फोल्डरमध्ये 'जुनी पत्रे' आणि 'पत्रे' अशा दोन फाइली स्वतः तयार करा आणि वजा शून्य न लावता वरचा प्रयोग करून पाहा. त्या फोल्डरमध्ये दुसरे काही ठेवू नका.